दिन्यास पत्र : पावसातला फोंडा घाट

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय दिन्या,

स. न. वि. वि. लिहिलं तर तू हसशील, म्हणून नुसतंच : काय भावा, बरा हैस न्हवं?

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्या पावसात सायकली घेऊन कोण जातं रे?" मी सांगायला तोंड उघडलं आणि तुझी मीटिंग लागली. हिंजवडीत माणसांना बोलायला वेळ नसतो, पण वाचायला असेल अशा आशेवर लिहायला बसलोय.

सगळी टूर सांगत बसत नाही. आजरा, आंबोली, सावंतवाडी, मालवण, कणकवली, त्याचे फोटो तू बघितलेसच. आंबोलीत धुकं होतं, मालवणात मासे होते. जुलै महिना असूनही किनाऱ्याला पावसानं अशी दडी मारली की आम्ही रेनकोट बॅगेच्या तळाला घातले. सांगण्यासारखा दिवस शेवटचा. फोंडाघाट गावातनं निघायचं, घाट चढायचा, दाजीपूर, राधानगरी आणि संध्याकाळपर्यंत घर. नव्वदेक किलोमीटर. कोरड्या दिवशी त्याचं कुणाला काही वाटलं नसतं.

आदल्या रात्रीच पत्र्यावर आवाज सुरू झाला. जेवणं झाल्यावर आप्पा (सायकल दुकानवाले, तू त्यांना ओळखतोस, मंगळवार पेठेत तुझ्या सायकलीचं बेंड काढून द्यायचे ते) लॉजवाल्याकडनं तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन आणि कात्री घेऊन आले. ज्यांच्या सायकलींना मडगार्ड नव्हतं किंवा आखूड होतं, त्यांच्या मागच्या चाकावर कॅनच्या पट्ट्या कापून केबल टायनं बांधत बसले. ऋत्विकची ती महागडी कार्बनची सायकल. त्याला म्हणाले, "आण हिकडं." तो म्हणाला, "आप्पा, शोभा जाईल की." आप्पांनी मान वर न करता विचारलं, "तुझ्या मागनं येणाऱ्याच्या तोंडात चिखल गेला तर ती शोभा व्हय?" पट्टी बसली.

आता यात तुला गंमत वाटेल, पण पावसात गटानं सायकल चालवायची तर माझ्या मते मडगार्ड हाच पहिला शिष्टाचार. आपल्या पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो त्याचं काही नाही, धुऊन निघतो. मागच्याच्या डोळ्यांत जातं ते पाणी वाईट. त्यात रस्त्यावरचं डिझेल, वाळू, शेण सगळं असतं.

सकाळी निघताना आप्पांनी आणखी एक फर्मान काढलं आणि तिथं खरी ठिणगी पडली. इतके दिवस आमची रीत अशी की जोराची पोरं पुढं सुटायची, चहाच्या टपरीवर वाट बघायची, आणि मागचे पोचले की "चला" म्हणून उठायची. म्हणजे ज्यांना विश्रांती हवी त्यांनाच ती मिळायची नाही. आप्पा म्हणाले, "आज उलटं. मास्तर पुढं, त्यांच्या मागं वैशाली वहिनी, मग बाकीचे. ऋत्विक आन् तू सगळ्यात शेवटी." मास्तर म्हणजे सगळ्यांत सावकाश. निवृत्त झालेले, गुडघा कुरकुरतो, आणि चढावर ते मधेच थांबून झाडं बघतात. ऋत्विकचं तोंड तिथंच उतरलं. "असं गेलो तर रात्र होईल," तो म्हणाला. "होऊ दे," आप्पा म्हणाले, "दिवे हायत."

मलाही आधी पटलं नव्हतं. पण घाट सुरू झाला आणि धुकं खाली उतरलं, तेव्हा कळायला लागलं. वळणावरनं एसटी खाली येते तिचा आधी हॉर्न ऐकू येतो, मग दोन पिवळे दिवे, आणि मग एकदम बस. असल्या ठिकाणी दहा-बारा माणसं चार किलोमीटरभर विखुरली, तर कुणाचं काय झालं कळणार कसं? मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बॅगेत, रेंज नाही. हाक मारावी तर टोपीवर पाऊस वाजत असतो. हातानं खुणा करायच्या तर ब्रेकवरचा हात काढवत नाही. म्हणून शिट्ट्या ठरल्या होत्या : एक आखूड म्हणजे खड्डा, दोन म्हणजे मागनं गाडी, लांब म्हणजे थांबा. मास्तरांनी आयुष्यभर पीटीचा तास घेतलेला. त्यांची शिट्टी घाटात अशी घुमायची की समोरनं येणारा ट्रकवालासुद्धा एकदा थांबला.

चढताना थंडी वाजत नाही, उलट रेनकोटच्या आत घामानं अंघोळ होते. मास्तरांनी पहिल्या वळणालाच रेनकोट काढून कॅरिअरला बांधला. "बाहेरनं भिजायचं का आतनं, एवढंच आपल्या हातात हाय," म्हणाले. खरी थंडी वर गेल्यावर. अंग गरम असतं, कपडे ओले असतात, वारा लागतो आणि पाच मिनिटांत दात वाजायला लागतात. म्हणून प्रत्येकाकडं एक कोरडा बनियन प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला होता. माथ्यावर थांबलं की आधी तो बदलायचा, मग फोटो.

घाट संपायला आला असेल नसेल, मागनं ऋत्विकची लांब शिट्टी. पंक्चर. त्यात नवल काही नाही, पावसात पंक्चर जास्तच होतात. काचेचे बारीक तुकडे, ट्रकच्या फुटक्या टायरातल्या तारा पाण्याबरोबर वाहत रस्त्याच्या कडेला येतात, आणि आपण चालतो तेही कडेनंच. ओलं रबर कापलं पण लगेच जातं. रोजच्यासारखा पुढं असता तर तो एकटाच दाजीपुराजवळ धुक्यात उभा राहिला असता, आणि आम्ही मागनं येऊन त्याला शोधलं असतं. आता उलट झालं. पुढचे सगळे शिट्टी ऐकून जागच्या जागी थांबले आणि चालत मागं आले.

ते पंक्चर मला अजून डोळ्यांसमोर दिसतंय. चौघांनी एक पोंचो चार कोपऱ्यांना धरून वर ताणलेला, त्याच्या मधोमध पाण्याची झोळी साठलेली, आणि दर मिनिटाला कुणीतरी खालनं टोचा मारून ती उलटवायचा, हटकून कुणाच्या तरी मानेवर. खाली आप्पा आणि ऋत्विक. ओल्या रबरावर सोल्यूशन धरत नाही, म्हणून पॅच लावायचा नादच केला नाही, सरळ नवी ट्यूब. पण आप्पा ट्यूब घालू देईनात. "आधी चोर गावला पायजे." टायरच्या आतनं बोट फिरवलं, काही लागेना. बोटं गारठून बधिर झालेली, त्यांना लागणार काय? मग वैशाली वहिनींनी सुती रुमाल दिला आणि म्हणाल्या, "हा फिरवून बघा." टायरच्या आतनं रुमाल फिरवला, एका जागी त्याचा धागा अडकला. तिथं केसाएवढी तार. नखानं निघेना, नेलकटरनं ओढून काढली. ती तशीच राहिली असती तर नवी ट्यूबपण दोन किलोमीटरमध्ये बसली असती. ऋत्विकनं ती तार पाकिटात ठेवलीय. कशाला, ते त्यालाच ठाऊक.

दाजीपुरात एका हॉटेलात शिरलो. हॉटेल म्हणजे काय, चूल, चार बाकडी आणि छताला काळी ताडपत्री. चहा आणि कांदाभजी. दिन्या, आपण रंकाळ्यावर भजी काय कमी खाल्ली? पण अंगातनं वाफा निघत असताना, बोटं कपाभोवती गुंडाळून, मालकीणबाईंनी न विचारता पुढं केलेला खर्डा त्या भज्याला लावून खाल्ला, त्याला तोड नाही. पहिल्या घाण्याला कुणी बोललंच नाही. बाई म्हणाल्या, "पाऊस काय आज उघडत न्हाई, बसा निवांत." हिशेबाच्या वेळी मोजदाद करायला गेलो तर प्लेटा कुणाच्याच लक्षात नव्हत्या, त्यांच्याही.

१९५८ साली झालेलं दाजीपूरचं अभयारण्य राज्यातलं पहिलं, हे मास्तरांनी तिथं सगळ्यांना ऐकवलं. गवा मात्र दिसला नाही. धुक्यात दहा फुटांवर उभा असता तरी दिसला नसता. पोरांनी पुढं एका म्हशीचा फोटो काढून ग्रुपवर 'गवा' म्हणून टाकला आणि त्याला माझ्या मेव्हण्यानं अंगठा दिला.

पुढचा उतार मला चढापेक्षा अवघड गेला. माझ्या सायकलीला जुने रिमवरचे ब्रेक. पावसात ते दाबले की पहिल्यांदा काहीच होत नाही, चाकाचा एखादा फेरा रबर नुसतं रिमवरचं पाणी पुसतं, आणि मग एकदम धरतं. म्हणून वळणाच्या बरंच आधी हलकं हलकं दाबत राहायचं. त्यात लाल मातीची रेव रबरात रुतून बसते आणि रिमवर करकर आवाज येतो, दातांखाली खडा आल्यासारखा. दोनदा थांबून रबरातली रेव किल्लीनं टोकरून काढली. डिस्क ब्रेकवाले शीळ घालत उतरले. त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? पण पुढं मास्तर असल्यामुळं त्यांनाही सुसाट जाता आलं नाही, एवढाच दिलासा.

खाली भाताच्या खाचरांत रोपलावण चालली होती. बायका डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन वाकलेल्या. एक म्हातारी मात्र खरं पानांचं इरलं घेऊन होती. आम्हाला बघून ती कंबर सरळ करून उभी राहिली आणि म्हणाली, "काय रं पोरानू, एसटी बंद हाय व्हय?" आमच्यातल्या कुणालाच उत्तर सुचलं नाही.

राधानगरीला पोचलो तेव्हा धरणाचे दरवाजे उघडलेले. सात दरवाजे, सगळे स्वयंचलित. पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपोआप उघडतात, बटण दाबायला माणूस लागत नाही. एकेका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडतं. शाहू महाराजांनी सुरू केलेलं काम. महाराज १९२२ ला गेले आणि धरण पुरं व्हायला पुढं कितीतरी वर्षं लागली. लहानपणी सहलीला आलो होतो तेव्हा गुरुजींनी हेच सांगितलं होतं, आणि आपलं लक्ष डब्याकडं होतं. या वेळी नीट बघितलं. आवाज इतका की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत होतं.

तिथंच खरा पेच पडला. मोबाइल बाहेर काढले तर ग्रुपवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. तुला आठवतंय ना, ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर आपल्याकडं शेंबड्या पोरालाही हे आकडे पाठ आहेत. पातळी इशाऱ्याच्या खालीच होती, पण चढत होती. चहाच्या टपरीवर एक टेम्पोवाला म्हणाला, "भोगावतीच्या रस्त्यानं जाऊ नगा, पुढं सखलात रस्त्यावर पाणी आलंय. घोट्याएवढंच हाय, पण हाय."

ऋत्विक म्हणाला, "घोट्याएवढं म्हणजे काय पाणी झालं का?" दोघं-तिघं त्याच्या बाजूचे. घर पन्नासेक किलोमीटरवर, सगळे ओले, कुणाला फेरा नको होता. मी आप्पांकडं बघितलं, पण या वेळी वैशाली वहिनी बोलल्या. शांतपणे म्हणाल्या, "रस्त्यावर वाहतं पाणी असलं तर रस्त्याची कड दिसत नाही. खालचा रस्ता आहे का वाहून गेलाय तेही दिसत नाही. मी येणार नाही. तुम्ही ठरवा." एकोणीसच्या पुरात त्यांचं घर पाण्यात होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यावर कुणी काही बोललं नाही. मुदाळ तिट्ट्याकडनं जायचं ठरलं.

मुदाळ तिट्टा, बिद्री, इस्पुर्ली, कळंबा. फेरा पडला, आणि कंटाळवाणाही होता, त्याचं वर्णन काय करू? ऊस, ऊस आणि ऊस. एक गोष्ट मात्र मजेशीर. जसजसे पूर्वेला सरकत गेलो तसा पाऊस पातळ होत गेला. शाळेत शिकलो होतो की सह्याद्री ढग अडवतो, गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला पाच-सहाशे. तो धडा सायकलवर बसून उलगडत होता. दाजीपूरला मुसळधार, बिद्रीला रिपरिप, इस्पुर्लीला नुसती भुरभुर, आणि कळंब्याला आलो तर लोक छत्री मिटून गप्पा मारत उभे.

कळंब्याला आप्पांनी सगळ्यांना थांबवलं, मोजलं, आणि म्हणाले, "आता सोडा पोरांना." ऋत्विक असा सुटला की बघायला नको. अजूनही त्याचं म्हणणं हेच, की आपापल्या गतीनं गेलो असतो तर दोन तास आधी पोचलो असतो. पोचला असता बहुतेक. पण त्या दिवशी पहिल्यांदा असं झालं की चहाच्या टपरीवर कुणी कुणाची वाट बघत बसलं नाही, आणि मास्तरांनी पहिल्यांदाच पहिला कप घेतला. मला ते आवडलं. पुढच्या टूरलाही मी आप्पांच्याच बाजूनं मत देणार आहे, ऋत्विकशी भांडण झालं तरी बेहत्तर.

घरी आल्यावर आईनं दारातच थांबवलं, अंगणात पाइप सोडला आणि आधी सायकल, मग मी, असं दोघांना धुतलं. रात्री पांढरा रस्सा होता. तीन वाट्या प्यालो आणि नऊ वाजता झोपलो.

आता कामाचं. पुढची टूर डिसेंबरात आहे, राधानगरीकडनंच, पण कोरड्यात. तुझी सायकल आमच्या माडीवर तशीच आहे. मागचं टायर भेगाळलंय, चेन गंजलीय, बाकी ठीक. कॉलेजात स्टाइल मारायला तू तिची मडगार्ड काढून फेकली होतीस, ती मी आप्पांकडं नवी बसवायला सांगितलीत. त्यांच्याकडं काळी आणि चंदेरी अशी दोन आहेत. कुठली बसवू ते आठवड्यात कळव, नाहीतर मी काळी बसवतो. खर्च तुझा.

काकूंना नमस्कार सांग. पिंकीला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या