जाळीपल्याडच्या लेकीस

चि. मंगल हिस, अनेक आशीर्वाद.

रविवारी मठातल्या भेटीच्या जाळीशी तू हात आणलास, तेव्हा मनगटाचं हाड तेवढं दिसलं. तुझी माय जालन्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मीही लिहिणार नव्हतो, पण 14 सप्टेंबर तोंडावर आला. पवित्र क्रूसाच्या सणापासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, तुम्हा कार्मेल सिस्टरांचा लांबलचक उपास.

हा नियम जेरुसलेमच्या धर्माध्यक्ष आल्बर्टनं 1206 ते 1214च्या दरम्यान कार्मेल डोंगरावरच्या एकांतवाशांना लिहून दिला. पुढं तो ढिला झाला, तो स्पेनमधल्या आविलाच्या तेरेजानं 1562त नवा मठ काढून पुन्हा आवळला. पण आल्बर्टनं तिथंच लिहिलंय, आजारी नि अशक्त माणसाला सूट आहे, गरजेपुढं नियम चालत नाही. रक्त कमी आहे हे मठाच्या मदरला स्वतः सांग. तू सांगणार नाहीस, बारावीतही लपवलंसच.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कार्मेल मठातल्या छोट्या तेरेजाला 1896च्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तोंडातून रक्त पडलं. तिनं मदरला सांगितलं, पण उपास मागून घेतला. दीड वर्षात क्षयानं गेली, चोविसाव्या वर्षी. हे लिहायला नको होतं. माफ कर, माय.

होस्तियाच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत वाटायच्या पवित्र भाकरीच्या, कामाला लावलंय हे बरं झालं. गव्हाचं पीठ नि पाणी, बस. मीठसुद्धा नाही. धिरड्याहून पातळ कालवायचं. लोखंडी पाट नीट तापला नसला तर चिकटतं, जास्त तापला तर तांबूस डाग पडतात. निघालेला पापुद्रा लगेच कापू नको, कडा तुटून चुरा होतो. रात्रभर दमट जागी ठेव. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओलं फडकं जवळ लागतंच, पण फार ओलावला तर कापायच्या नळीत अडकून बसतो. आणि हे सगळं तासन्‌तास उभ्यानं, उपाशीपोटी... बघ, आलो परत तिथंच.

गल्लीत विचारतात, पोरगी दवाखान्यात असती का शाळेत? मी म्हणतो, प्रार्थना करती. "एवढंच?" म्हणतात. रोज दोन तास मुकं ध्यान, वरून दिवसभराच्या ठरल्या प्रार्थना. अर्धा तास बसून दाखवा म्हणतो, मग गप होतात.

कायमच्या व्रतांना अजून कितीतरी वर्षं आहेत. इतकी घाई कशाला शरीराला जाळायची?

वस्तू आत द्यायच्या फिरत्या कपाटात जवसाची चटणी ठेवली होती. तुला मिळाली का सगळ्यांत वाटली? वाटली असली तरी चालंल, पण तू भाकरीवर घेतलीस का तेवढं कळव.

तुझा,
दादा