किडनी फक्त दान करण्यापुरतीच?

महोदय,

मालिकांमध्ये किडनी एकाच कामाला येते: कुणीतरी ती देतो आणि भांडलेले भाऊ एकत्र येतात. बातमीत आलीच तर रॅकेटची. नेफ्रॉलॉजिस्टचे, म्हणजे किडनीच्या आजारांवर औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरचे, रोजचे काम मात्र पडद्यावर कंटाळवाणेच दिसणार. रक्तातले क्रिएटिनिन (किडनीने गाळायचा टाकाऊ पदार्थ), लघवीतले अल्ब्युमिन (किडनीने अडवायचे प्रथिन) तपासायचे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवायची, तेही वर्षानुवर्षे. मूत्रपिंडाचे काम निम्म्याने घटले तरी रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. आपल्याकडे मुतखडा दुखला की किडनी आठवते, आणि त्यासाठी गाठावा लागतो युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचा शल्यविशारद!

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो. केळीचे घड वाहणारा मजूर घोटभर पाण्यावर दिवस काढतो आणि संध्याकाळी अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी घेतो. शरीरात पाणी कमी असताना ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून गरिबांना मोफत डायलिसिस मिळते, हे उत्तमच. पण त्याआधीच्या टप्प्याबद्दल आपल्या दैनिकाने लिहावे. तेही मार्चमधल्या जागतिक किडनी दिनापुरते नको, एप्रिल-मेच्या ऐन तडाख्यात.

— एक वाचक, चोपडा