यादी गेली, फायली नव्हे

महोदय,

गेल्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली आणि आमच्या गावच्या वाचनालयातील संगणकावर यूटोरेंट या डाऊनलोडच्या प्रोग्रॅममधून उतरत असलेल्या लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या फायलींची अख्खी यादी कोरी झाली. रात्री जागून डाऊनलोड करणारी मुले रडवेली झाली. प्रत्यक्षात फायली डिस्कवर शाबूत होत्या. यादी ‘रिझ्यूम डॉट डॅट’ या फायलीत असते व तिची आधीची प्रत शेजारीच, नावाअखेर ‘ओल्ड’ लागलेली असते. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून, बिघडलेली फाइल बाजूला ठेवून, जुन्या प्रतीच्या नावातील ‘ओल्ड’ काढले की यादी परतते. मग यूटोरेंटमधील ‘फोर्स री-चेक’ (फेरतपासणी) केल्यास फायलीचा प्रत्येक तुकडा पडताळला जाऊन उरलेलेच तुकडे उतरतात. डेटा आणि वीज दोन्ही मोजून मिळणाऱ्या आमच्यासारख्या गावांतील मुलांनी घाईने सारे पुसू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ