कियारा : एक उच्चार, दोन अर्थ

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील मुलींच्या नावांच्या यादीत ‘कियारा’पुढे ‘संस्कृत, तेजस्वी किरण’ असे छापून आले आहे. गेल्याच महिन्यात रामबागेतल्या आमच्या घरी नातीचे बारसे झाले आणि आत्याने तिच्या कानात हेच नाव सांगितले, म्हणून हा पत्रप्रपंच.

संस्कृतात असा शब्द नाही. हे नाव युरोपातून आले, आणि तेही दोन वाटांनी. इटालियन ‘क्यारा’ लॅटिन ‘क्लारा’वरून आले असून त्याचा अर्थ उजळ, स्वच्छ. इटलीतल्या असिसी गावच्या संत क्लेअर (११९४–१२५३) यांचे इटालियन नाव हेच. आयरिश ‘किअरा’ मात्र ‘किअर’ म्हणजे काळा, सावळा या शब्दावरून झाले आहे. म्हणजे कानाला जवळजवळ सारख्याच लागणाऱ्या या दोन नावांपैकी एक गोरी तर दुसरी काळी, आणि दोघींचे परस्परांशी नाते काहीच नाही. आपल्याकडे शुभ्रा आणि कृष्णा यांची गल्लत कोणी करणार नाही. इथे ती उच्चारामुळे होते.

या नावाच्या रोमन स्पेलिंगमधले ‘के’ हे अक्षर अलीकडचे. इटालियन लोक ‘सीएच’ लिहितात, कारण त्यांच्याकडे ‘आय’च्या आधी नुसता ‘सी’ आला तर त्याचा ‘च’ होतो. आयरिशमध्ये ‘सी’चा उच्चार ‘क’ असल्याने तेवढ्यावरच भागते. पण तेच नाव इंग्रजी वाचणाऱ्यापुढे ठेवले की तो सहज ‘सिएरा’ म्हणून मोकळा होतो. ‘के’ लिहिल्याने हा घोळ मिटला खरा, पण नाव कोणत्या घरचे ही खूण त्याबरोबर पुसली गेली. त्यामुळे नुसत्या स्पेलिंगवरून आमची नात उजळ की सावळी, हे सांगता येणार नाही. (आईबापांनी उजळ धरले आहे, मला सावळीही चालली असती.)

संस्कृताशी ओढूनताणून नाते जोडायचेच असेल, तर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी पाळण्यापाशी ते नकळत जोडले. त्यांना कमी ऐकू येते. घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन त्यांनी विचारले, “काय ठेवलंय? क्यारी?” इंदुरात माळी वाफ्याला क्यारी म्हणतो, आणि तो शब्द मात्र खरोखरच संस्कृत ‘केदार’ म्हणजे शेत, यावरून आलेला आहे.

पुढील अंकी दुरुस्ती छापावी, ही विनंती. सुनेने यादीचे ते कात्रण बाळाच्या वहीत चिकटवून ठेवले आहे. त्याखाली चिकटवायला जागा राखली आहे.

आपली,
एक वाचक आजी, रामबाग, इंदूर