कुलूप पडद्यापर्यंतच पुरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ एन्क्रिप्ट केला, म्हणजे सांकेतिक किल्लीशिवाय पाहता येणार नाही असा बदलला, की तो सुरक्षित झाला, हा समज मोठ्या निर्मात्यांपासून स्वतःची व्याख्याने विकणाऱ्या शिक्षकांपर्यंत सगळीकडे आढळतो. व्हिडिओ संकलनाचे काम रोज करत असल्याने त्याविषयी लिहावेसे वाटले.

फुल एचडी चित्र, सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने, कॉम्प्रेशन (आकार लहान करणे) न करता साठवले तर दर सेकंदाला सुमारे ७८ मेगाबाइट जागा लागते. कॉम्प्रेशन चालते ते चित्रातील सारखेपणावर, आणि एन्क्रिप्शन तर हा सारखेपणाच पुसून टाकते. म्हणून आधी कॉम्प्रेशन व मग एन्क्रिप्शन, हा क्रम बदलता येत नाही. वेळ वाचवण्यासाठी काही जण फक्त मुख्य, म्हणजे पूर्ण चित्र साठवणाऱ्या आय-फ्रेम एन्क्रिप्ट करतात. असा एक व्हिडिओ मी किल्लीशिवाय चालवून पाहिला. सुरुवातीला नुसते करडे ठिपके होते, पण वक्त्याने हात हलवताच त्याची बाह्याकृती उमटू लागली, कारण मधल्या फ्रेममधील हालचालीची माहिती उघडीच राहिली होती. आजच्या प्रोसेसरवर एईएस ही एन्क्रिप्शनची प्रचलित पद्धत इतकी वेगाने चालते की ही काटकसर मला मुळीच पटत नाही.

डीव्हीडीचे ४० बिटांच्या किल्लीचे संरक्षण १९९९ मध्ये फुटले. पण किल्ली कितीही भक्कम असली, तरी प्रेक्षकाला दाखवण्यासाठी चित्र उघडावेच लागते, आणि त्या क्षणी पडद्यासमोर मोबाइल धरणाऱ्याला एन्क्रिप्शन अडवू शकत नाही. तिथे उपयोगी पडतो तो अदृश्य वॉटरमार्क, म्हणजे चित्रातच लपवलेली ओळखखूण. कोपऱ्यातला लोगो कडा छाटल्या की जातो. अदृश्य खूण मात्र चित्राच्या मधल्या वारंवारतांमध्ये (वारंवारता म्हणजे चित्रातील छटा किती झपाट्याने बदलतात ते) पेरता येते, कारण अगदी वरच्या वारंवारता पुन्हा कॉम्प्रेशन करताना गळून पडतात, तर खालच्या वारंवारतांमधला फेरफार डोळ्यांना खटकतो. प्रत्येक ग्राहकाच्या प्रतीत वेगळा क्रमांक पेरला असेल, तर फुटलेली प्रत कोणाकडून आली याचा माग काढता येतो.

ही सेवा विकत घेणाऱ्यांनी आकार बदलून, कडा छाटून आणि पडद्यावरून चित्रित करूनही खूण वाचता येते का, याची चाचणी समोर बसून करून घ्यावी. खुणेत ग्राहकाचे नाव किंवा फोन नंबर न घालता केवळ क्रमांक असावा आणि त्याची नोंदवही वेगळी, कुलपात ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक व्हिडिओ संकलक