लकव्यानंतर घरी आलेल्या माणसाकडं कोण बघणार?

मा. संपादक,

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक (लकवा) दिन होतो, फलक लागतात, फोटो निघतात. आणि कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, आमच्या खानापूर तालुक्यात अजूनही कुणाच्या अंगावरून वारं गेलं की पहिला फोन १०८ला जात नाही, झाडपाल्यावाल्याला जातो. कुणी तेल चोळा म्हणतंय, कुणी चक्क कबुतराचं रक्त. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून, आणि कणकुंबी-जांबोटीकडनं पावसाळ्यात बेळगाव गाठायचं म्हणजे काय ते सगळ्यांना माहिती आहे. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं झालं की किती वाजलेत ते बघून ठेवा आणि निघा, पाणी-चहा पाजू नका, ठसका लागतो. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी जायचंच, मोठा झटका मागनं येऊ शकतो.

कारणांत बीपी पहिलं. "आता नॉर्मल आलंय की" म्हणून गोळी सोडणारे घरोघरी आहेत, अहो नॉर्मल गोळीनंच आलंय. वरनं तंबाखू, निपाणी भागाला काय सांगायचं! तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, मग आठवड्यातनं एकदा सकाळी दूध डेअरीवरच मशीन घेऊन बसा, अख्खं गाव तिथं येतंय.

पण माझं खरं म्हणणं डिस्चार्जनंतरचं आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकांना घरी आणलं, मुलगा रोज लुळ्या हाताला धरूनच उठवायचा, तसं करू नये हे कुणी सांगितलंच नव्हतं, खांदा उतरला. आता चालतात पण त्या पायातली चप्पल मागं राहते आणि त्यांना पत्ताच नसतो. कागदावर नुसतं 'फिजिओथेरपी' लिहिलेलं, कुठं, कुणाकडं, किती दिवस, काही नाही. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, नेमके तेच दिवस घरात पडून जातात, कारण रोज बेळगावला न्यायचं तर गाडीभाडं आणि एकाचा रोजगार बुडतो.

वाचा गेलेल्यांचे हाल तर आणखी वेगळे. जन्मभर घरात मराठी बोललेल्या आजीला चित्र दाखवून कन्नडमधे "हे काय?" विचारलं तर ती गप्पच बसणार ना. कन्नडला विरोध नाही, बाजारात आम्ही कन्नडच बोलतो, पण बोलायला परत शिकवायचं ते तिच्या भाषेतच हवं.

तालुका दवाखान्यात रोज फिजिओ आणि आठवड्याला एक दिवस तरी मराठी येणारा स्पीच थेरपिस्ट द्या, आणि घरी सोडताना घरच्यांना उठवायचं-बसवायचं-भरवायचं कसं ते अर्धा तास दाखवा. अपंगत्वाच्या दाखल्याचंही बघा, ४० टक्के किंवा त्याच्या पुढं असेल तर सवलती मिळतात हेच बऱ्याच जणांना ठाऊक नाही. अर्धं अंग गेलेल्या माणसाला जीपमधे घालून जिल्ह्याला न्यायचं आणि तिथं 'पुढच्या आठवड्यात या' ऐकायचं, त्यापेक्षा डॉक्टरांनीच महिन्यातनं एकदा तालुक्याला यावं.

- एक वाचक, ता. खानापूर