हे कवा तळलंय?

सातारा,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,

गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, "तुमच्याकडं डोनटचं दुकान निघालंय ना, एकदा जाऊन ये आणि खरं काय ते कळव. बेकरीत डोनट सुरू करायचं डोक्यात आहे." आज जाऊन आलो. फोनवर पाच मिनिटांत सांगून झालं असतं, पण मला ते तसं उरकायचं नव्हतं. जेवणं झालीत, आई आणि लेक झोपल्यात, पत्र्यावर पाऊस वाजतोय. म्हणून लिहायला बसलो.

वाईट वाटलं रे. दोघींना घेऊन मी फार हौसेनं गेलो होतो.

उस्तादांच्या त्या डोनटची गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे की लेकीला ती पाठ आहे. १९९८चा डिसेंबर, पुण्यातल्या उस्तादांच्या हाताखालची, बेकरीतली आपली रात्रपाळी. पहाटे चारला बनपावाचं थोडं पीठ उरलं होतं. उस्तादांनी त्यात साखर, दोन अंडी आणि लोण्याचा गोळा घालून ते पुन्हा मळलं, ओल्या फडक्याखाली ठेवलं आणि आपल्याला बजावलं की आता याला कुणी हात लावायचा नाही. तासाभरात पीठ दुप्पट झालं. स्टीलच्या पेल्यानं चकत्या पाडल्या, औषधाच्या बाटलीच्या झाकणानं मधली भोकं. त्या चकत्या परत अर्धा तास तशाच. तुला धीर निघत नव्हता आणि तू एक उचलायला गेलास तेव्हा बोलणी खाल्लीस. मग कढईत सोडल्या, सायकलच्या तारेनं एकेक उलटवली, जायफळ घातलेल्या पिठीसाखरेत घोळवली. हातात दिला तेव्हा चटके बसत होते. वरचा पापुद्रा जरासा कुरकुरला आणि आत नुसती वाफ. पुढे मी मोठ्या शहरांतल्या चांगल्या दुकानांतून डोनट खाल्ले, आवडलेही, पण पहिला तो पहिलाच.

तेव्हा साताऱ्यात दुकान निघालंय म्हटल्यावर लेक महिनाभर मागे लागली होती. "आजीला पण न्यायचं," हा तिचाच हट्ट. आई जावळीतली, तिनं आयुष्यात गुलगुले आणि बालुशाही तळली, डोनट कधी पाहिलाही नव्हता. श्रावण आहे, अंडं चालायचं नाही, म्हणून मी आदल्या दिवशी विचारून घेतलं. दुकानात सगळं बिनअंड्याचंच असतं. ही काही खोट नव्हे. दूध, दही आणि लोणी नीट वापरलं तर बिनअंड्याचा डोनटही चांगला मऊ होतो, तू तर ते माझ्यापेक्षा जास्त जाणतोस.

दुकान पोवई नाक्याच्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही. चालवणारी माणसं आपल्यासारखीच कर्ज काढून उभी राहिली असतील, त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. शाहूपुरीतून रिक्षानं गेलो, अजिंक्यतारा सकाळपासून ढगात होता. आज मैत्री दिन, त्यामुळे कॉलेजच्या पोरापोरींची गर्दी, मनगटांवर फिती, दारात दोन डोनटवर एक फुकट असा फलक. आत स्वच्छ, उजेड भरपूर, काचेच्या कपाटात चौदा प्रकार मांडलेले. गुलाबी, हिरवा, वर रंगीत साखरदाणे, बिस्किटांचा चुरा. लेकीचे डोळे मोठे झाले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

मग माझ्या लक्षात आलं की वासच नाही.

बघ ना, आपल्या बेकरीच्या गल्लीत शिरायच्या आधी पावाचा वास यायचा. साताऱ्यात सकाळी जिलेबीच्या कढईजवळून जाताना डोळे मिटले तरी कळतं. आणि इथं डोनटच्या दुकानात तळणीचा वास नाही, यीस्टचा तो आंबूसगोड वास नाही, साखर वितळल्याचा नाही. वातानुकूलित यंत्राची थंड हवा तेवढी. मी इकडंतिकडं कढई शोधत राहिलो. पडद्याआड एक मोठा फ्रीझर आणि एक मायक्रोवेव्ह दिसला.

आईनं काचेवर वाकून गल्ल्यावरच्या पोराला विचारलं, "हे कवा तळलंय रं बाळा?"

पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. "फ्रेश आहे आजी."

"फ्रेश म्हंजी कवाचं? सकाळचं का कालचं?"

तो गप्प झाला. मग खरं सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्याला मनापासून मानतो. माल पुण्याहून गोठवलेला येतो, दर तीन दिवसांनी. तो बाहेर काढायचा, वितळू द्यायचा, वरून चॉकलेट नाहीतर साखरेचा थर द्यायचा आणि कपाटात मांडायचा. उरला तर रात्री फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी परत कपाटात. "हा कधी तळला ते मलाच माहीत नाही आजी," तो म्हणाला.

तीन घेतले, दोनचे १८० रुपये दिले. साधा साखरेच्या थराचा, चॉकलेटचा आणि एक आत क्रीम भरलेला.

साधा डोनट मी आधी हातात घेऊन नीट पाहिला. त्याच्या कडेला मधोमध फिकट पट्टा होता. तुला ठाऊकच आहे, चांगला फुगलेला डोनट तेलावर अर्धा बुडून तरंगतो, दोन्ही बाजूंनी तळला तरी मधला भाग तेलाला लागत नाही, तो पांढुरका राहतो. तो पट्टा पाहून मला गलबलून आलं. म्हणजे कुणीतरी, कुठंतरी, पीठ नीट फुगवलं होतं. १८० अंशांच्या आसपासच्या तेलात वेळेवर सोडलं होतं, वेळेवर उलटवलं होतं. कुणाच्या तरी हाताला ते काम येत होतं. आणि मग त्याचा बर्फ केला.

साखरेचा थर घामेजून चिकट झाला होता, बोट लावलं की सुटून येत होता. घास घेतला तर कडेला कोरडा आणि मध्ये थंडगार. चावलं की मऊपणाऐवजी भुगा. चॉकलेटवाल्याचा थर टाळूला मेणासारखा बसून राहिला. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडात ठेवताच वितळतं. हे दुसऱ्याच कुठल्या घट्ट वनस्पती तुपाचं होतं, ते वितळेचना. क्रीमच्या डोनटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गोड होता. पोरानं बिचाऱ्यानं स्वतःहून विचारलं, गरम करून देऊ का. दहा सेकंद फिरवून आणला. दोन मिनिटं बरा लागला, पाचव्या मिनिटाला चामड्यासारखा चिवट.

उस्ताद पाव फ्रिजमध्ये ठेवू द्यायचे नाहीत, आठवतं? आपल्याला तेव्हा ती त्यांची एक सवय वाटायची. पिठातला स्टार्च शिजताना पाणी धरतो म्हणून पाव मऊ लागतो. गार झाल्यावर तो हळूहळू परत घट्ट होत जातो, धरलेलं पाणी सोडतो, आणि हे सगळ्यात वेगानं होतं ते फ्रिजच्या थंडीत. बाहेर ठेवलेला पाव त्याहून सावकाश शिळा होतो. कडक गोठवलं तर ते थांबतं, पण वितळलेला माल पुन्हा फ्रिजमध्ये म्हणजे त्याला उरलेसुरले चार तासही मिळत नाहीत.

आईनं अर्धा खाल्ला. "गोड हाय," म्हणाली, आणि उरलेला कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. तिच्याच्यानं अन्न टाकवत नाही. लेक काहीच बोलली नाही. रिक्षात बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "पप्पा, तुमच्या उस्तादांचा असाच होता का?"

मला ते लागलं. इतक्या वर्षांची माझी गोष्ट तिला एका संध्याकाळी खोटी वाटली असेल. नाही गं, म्हटलं, असा नव्हता. पण शब्दांनी चव कशी पटवणार?

येताना आईनं मोती चौकाजवळ रिक्षा थांबवायला लावली, पाव किलो कंदी पेढे घेतले आणि तिथंही तोच प्रश्न विचारला. उत्तर लगेच आलं, "सकाळी आठला खवा उतरवलाय मावशी." आता तू म्हणशील, झालं, सातारकर पेढ्यावर आला. तसं नाही. मी वाटभर एकच विचार करत होतो. कंदी पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत परततात, त्यातलं पाणी पार आटवतात, म्हणून तो टिकतो, एसटीनं पुण्या-मुंबईला जातो, पाहुण्यांच्या पिशवीतून आणखी लांब जातो. पेढा साताऱ्यातून पुण्याला जाऊ शकतो. डोनट पुण्याहून साताऱ्याला येऊ शकत नाही. त्याचं आयुष्य सकाळपासून दुपारपर्यंत. तो ज्या गावात खायचा त्याच गावात तळायला हवा, आणि आम्ही नेमकं उलटं करून बसलोय.

तूच मला मागे सांगितलं होतंस, पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, फ्रान्समध्ये साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या बायकांनी आघाडीजवळ सैनिकांसाठी डोनट तळले, ओव्हन नव्हता तरी. पीठ लाटायला लाटणं नव्हतं तर बाटली घेतली. आणि १९२०मध्ये न्यूयॉर्कला अॅडॉल्फ लेविटनं डोनट तळायचं यंत्र बनवलं, ते दुकानाच्या खिडकीत ठेवलं आणि रस्त्यावरची माणसं बघत उभी राहायची. यंत्र आलं तरी त्यानं तळणं लपवलं नाही, उलट लोकांपुढं आणून ठेवलं. आज मला हे फार आठवलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सुरू कर. पण बाहेरून गोठवलेला माल आणणार असशील तर नको करूस, तुझ्या बेकरीच्या नावाला ते शोभणार नाही. दोनच प्रकार ठेव, पिठीसाखरेचा आणि साध्या साखरेच्या पाकाचा. एकदा सकाळी तळ, एकदा संध्याकाळी चारला, शाळा सुटायच्या वेळी. कढई पुढं ठेव, गिऱ्हाइकाला दिसेल अशी. संपले की संपले म्हणून सांग. नव्वद रुपयांचा ठेवायची गरज नाही, मैदा, दूध, लोणी, तेल, गॅस, मजुरी सगळं धरून तू स्वतः हिशोब मांड, तुला तो माझ्याहून चांगला जमतो. भीती एकच, तळणीचं तेल. ते रोज गाळायचं आणि काळं पडायच्या आधी बदलायचं, तिथं काटकसर केलीस तर माझ्याशी गाठ आहे.

त्या पोराचं राहिलंच. निघताना मी त्याला विचारलं, तू कधी डोनट तळलेला पाहिलास का? "नाही काका, कधीच नाही. मोबाइलवर बघितलाय." आठ महिने तो डोनट विकतोय. मी त्याला पीठ दोनदा का फुगवतात, भोक कशासाठी, मध्ये कच्चं राहू नये म्हणून, हे सांगायला लागलो आणि तो गल्ल्यावरून पुढं वाकून ऐकत होता, अगदी आपण उस्तादांचं ऐकायचो तसा. मग मागून पाच-सहा पोरं आली आणि त्याला जावं लागलं. त्याच्या मालकानं त्याला एक कढई आणि एक चांगला कारागीर महिनाभर दिला तर साताऱ्याला खरा डोनट मिळेल, अशी माझी खात्री आहे. पुढच्या आठवड्यात मालक भेटले तर मी हे त्यांना सांगणार आहे. रागावले तर रागावले.

आता माझं एक काम कर. २७ तारखेला गणपती बसतायत. गणपती उठले की दोन दिवस सवड काढून इकडं ये. आईनं आत्ताच, झोपायच्या आधी, विचारलं की तुझं ते यीस्ट दुकानात मिळतं का आणि एक किलो मैद्याला किती लागतं. तिला अंड्याशिवायचं माप हवंय, ते आजच फोनवर पाठव, ती सराव करून ठेवेल. लेकीनं पेला आणि झाकण आत्ताच बाजूला काढून ठेवलंय. तू येताना तेलात घालायचं तुझं थर्मामीटर तेवढं आण. सायकलची तार मी इथं बघतो.

तुझाच